मत आपले, पण ठरवतो कोण?



निवडणूक जवळ आली की वस्तीचे रूप पालटते. वर्षभर तुंबलेले गटार एका रात्रीत साफ होते, बंद पडलेला दिवा लागतो आणि पाच वर्षांत ज्यांनी तोंड दाखविले नाही ते हात जोडून दारात उभे राहतात. हे आता आपल्या अंगवळणी पडले आहे. पण याच दिवसांत आणखी एक काम चाललेले असते आणि ते सहसा कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. ते काम म्हणजे आपले मन तयार करण्याचे. मतदानाच्या दिवशी बटन दाबताना आपल्याला वाटते, हा निर्णय माझा. तो खरोखर आपला असतो, की वर्तमानपत्राने, टीव्हीने, मोबाईलने, मालकाने, जातीने आणि घरातल्या कर्त्या माणसाने तो आपल्याकडून करवून घेतलेला असतो? या आठवड्यात आम्ही याच प्रश्नाचा विचार करणार आहोत. अमुक पक्षाला मत द्या असे आम्ही सांगणार नाही. ते ज्याचे त्याने ठरवावे. मात्र खरोखर त्यानेच ठरवावे, एवढाच आमचा आग्रह आहे.

मताचा इतिहास विसरू नका

आज अठरा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही मत मिळते, म्हणून त्याची किंमत आपल्या मुलांना कळत नाही. इंग्रजी राजवटीत मत होते ते जमीनदाराला, कर भरणाऱ्याला, शिकलेल्याला. १९३५ च्या कायद्यानंतरही गरिबांच्या मोठ्या भागाला मत नव्हते. १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देऊन बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या मताधिकाराचा प्रश्न मांडला आणि १९२८ साली सायमन कमिशनपुढे प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मत असावे अशी मागणी केली. अडाणी माणसाला मत कशाला, असे म्हणणारे मोठमोठे विद्वान त्या काळी होते. पुढे संविधानाच्या ३२६ व्या कलमाने प्रौढ मताधिकार आला. तेव्हा वयाची अट २१ वर्षांची होती. ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून ती १८ झाली.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी एक इशारा दिला होता. राजकारणात आपल्याकडे समता येईल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता कायम राहील, आणि अशा विसंगतीत हा देश किती दिवस राहणार, असे त्यांनी विचारले होते. आपला प्रश्न इथेच आहे. मतदान केंद्रात कारखानदाराचे मत आणि त्याच्या घरी भांडी घासणाऱ्या मावशीचे मत सारखेच मोजले जाते. केंद्राबाहेर मात्र एकाच्या हाती पैसा, वर्तमानपत्र, जमीन आणि पोलीस ठाण्यातली ओळख असते, तर दुसरीच्या हाती उद्याच्या कामाची चिंता. गरिबाचे मत आता कायद्याने काढून घेता येत नाही. म्हणून ज्यांना ते हवे आहे ते मतापर्यंत जाण्याआधीच माणसापर्यंत जातात.

खुद्द बाबासाहेबांनाही याचा अनुभव आला. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबई उत्तर मतदारसंघाच्या राखीव जागेवर ते सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभूत झाले. निवडून आले ते काँग्रेसचे नारायण काजरोळकर. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही बाबासाहेबांना यश आले नाही. ज्याने संविधानाचा मसुदा तयार केला त्याला मतदारांनी घरी बसविले! योग्यता एका बाजूला आणि निवडणुकीतले वारे दुसऱ्या बाजूला असले, तर नुसती योग्यता पुरत नाही. हे वारे कसे तयार होते, ते पाहू.

वर्तमानपत्राचा धंदा

३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू झाला. त्याची जाहिरात पैसे देऊन छापा म्हटले तरी 'केसरी'ने ती छापली नव्हती. ज्याच्या हाती छापखाना आहे त्यानेच कोणाचा आवाज ऐकू यावा हे ठरवायचे, हा अनुभव बाबासाहेबांनी तेव्हाच घेतला. म्हणून 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत' अशी आपली पत्रे पोटाला चिमटा घेऊन चालविण्यात आली. १९४३ साली पुण्यात रानडे यांच्यावर दिलेल्या भाषणात बाबासाहेब म्हणाले होते, की पूर्वी पत्रकारिता हे व्रत होते, आता तो साबण तयार करण्यासारखा एक धंदा झाला आहे आणि नायकपूजा हे त्याचे मुख्य काम झाले आहे.

याचे प्रत्यंतर २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत सर्वांना आले. एकाच नेत्याच्या स्तुतीचा एकच मजकूर, शब्दही न बदलता, वेगवेगळ्या दैनिकांत बातमी म्हणून छापून आला. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे उघडकीला आणले आणि 'पेड न्यूज' हा शब्द घरोघरी गेला. पुढे प्रेस कौन्सिलच्या समितीने चौकशी केली. २०११ साली निवडणूक आयोगाने उत्तर प्रदेशातील बिसौली मतदारसंघाच्या एका आमदाराला पेड न्यूजचा खर्च लपविल्याबद्दल तीन वर्षांसाठी अपात्र ठरविले. जाहिरात ही जाहिरात म्हणून छापली तर वाचक सावध असतो. तीच बातमीच्या कपड्यात आली की तो फसतो.

अशी बातमी ओळखावी कशी? तिच्यात उमेदवाराविरुद्ध एक अक्षर नसते. सभेला गर्दी किती होती हे असते, पण सभेत कोणी काय प्रश्न विचारला हे नसते. विरोधी उमेदवार जणू उभाच नाही असे वाटते. आणि शेजारच्या दुकानात दुसरे दैनिक उघडले तर तोच मजकूर तिथेही दिसतो. ही खूण पटली की ते पान पुढ्यात ठेवून मुलांना दाखवावे.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. वर्तमानपत्र खोटे न छापताही आपले मन वळवू शकते. १९६८ साली अमेरिकेत चॅपल हिल या गावी मॅककोम्ब्स आणि शॉ या दोन अभ्यासकांनी मतदारांची पाहणी केली. ज्या प्रश्नांना वर्तमानपत्रे आणि टीव्ही जास्त जागा देत होते, तेच प्रश्न मतदारांना सर्वांत महत्त्वाचे वाटत होते, असे त्यांना आढळले. आपल्याकडे बघा. महिनाभर कोणता पुढारी कोणाला काय बोलला यावर चर्चा चालते. महापालिकेच्या शाळा बंद पडतात, सफाई कामगाराला कंत्राटी करून टाकतात, शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही, यावर एक ओळ येत नाही. मग आपल्यालाही वाटू लागते की निवडणूक त्या भांडणासाठीच आहे.

पडद्यावरचे देव आणि आकडे

जानेवारी १९८७ पासून दूरदर्शनवर 'रामायण' मालिका सुरू झाली. तेव्हा रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. पुढे १९९१ च्या लोकसभा निवडणुकीत त्या मालिकेतली सीता बडोद्यातून निवडून आली आणि रावणही साबरकांठातून निवडून आला! 'महाभारत' मालिकेतला कृष्ण १९९६ साली जमशेदपूरहून खासदार झाला आणि २०२४ साली मालिकेतला राम मेरठहून. नटाने निवडणूक लढवू नये असे आमचे म्हणणे नाही. परंतु मतदार नटाला मत देतो की त्याने केलेल्या भूमिकेला, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. धर्मातली भक्ती कदाचित आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेल, पण राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असे बाबासाहेबांनी १९४९ च्या त्याच भाषणात बजावले होते. हा इशारा आपल्या पुढाऱ्यांच्या बाबतीतही तितकाच लागू आहे.

दुसरी गंमत आकड्यांची. "अमुक पक्ष येणार म्हणजे येणारच," असे पडद्यावर सांगितले जाते आणि आपला साधा माणूस म्हणतो, "मग पडणाऱ्याला मत देऊन वाया कशाला घालवू?" २००४ साली 'इंडिया शायनिंग'च्या जाहिरातींचा पाऊस पडला होता आणि वाजपेयी सरकार परत येणार असे बहुतेकांचे भाकीत होते. निकालात काँग्रेसला १४५ आणि भाजपला १३८ जागा मिळून सरकार बदलले. २०२४ साली मतदानोत्तर चाचण्यांत सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेच्या वर जागा दाखविल्या गेल्या. ४ जूनला मिळाल्या २९३. मतदान संपेपर्यंत अशा मतदानोत्तर चाचण्या जाहीर करण्यास लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२६ क कलमाने बंदी आहे, ती उगीच नाही. घोड्यांच्या शर्यतीत जिंकणाऱ्यावर पैसे लावतात. मत हे पैज लावण्यासाठी नसते. आपण हरलेल्या उमेदवाराला दिलेले मतही मोजले जाते, आणि पुढच्या वेळी त्या मतांकडे बघूनच पक्ष आपल्या दारी येतात.

खिशातला भोंगा

आता टीव्हीपेक्षा मोबाईल मोठा झाला. आपल्या घरातली तरुण मुले आणि आता आजीसुद्धा त्यावरच बातम्या बघते. पुढे पाठविलेला निरोप ओळखीच्या माणसाकडून येतो, म्हणून त्यावर पटकन विश्वास बसतो. त्याचे टोक काय होऊ शकते हे धुळे जिल्ह्याने पाहिले. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आली आहे या अफवेपायी भिक्षा मागून जगणाऱ्या भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच जणांना पाठविण्याची मर्यादा घातली. गरीब माणसाचा जीव अफवेने जाऊ शकतो, तर त्याचे मत किती सहज जात असेल?

निवडणुकीतल्या अफवेची वेळ ठरलेली असते. मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत जाहीर प्रचार बंद होतो, खुलासा करायला सभा घेता येत नाही. नेमके तेव्हाच निरोप फिरतो, की आपल्या उमेदवाराने दुसऱ्याला पाठिंबा दिला, किंवा अमुक समाजाने आपल्याविरुद्ध ठराव केला. सोबत शिक्का मारलेले पत्रही असते. आता तर यंत्राच्या मदतीने माणसाचा हुबेहूब आवाज आणि चेहरा तयार करता येतो. तामिळनाडूत २०१८ साली निधन पावलेले करुणानिधी २०२४ साली पडद्यावर भाषण करताना दाखविले गेले. तेव्हा शेवटच्या दोन दिवसांत आलेला निरोप पुढे पाठवू नये, असा नियम घरातच करावा. उमेदवाराच्या कचेरीत जाऊन विचारण्याइतकी आपली वस्ती दूर नसते.

माणूस माणसाचे ऐकतो

इतके सांगून झाल्यावर वाचक म्हणतील, की मग सगळे वर्तमानपत्र आणि टीव्हीच ठरवतात. तसेही नाही. अमेरिकेतच १९४० च्या अध्यक्षीय निवडणुकीत ओहायो राज्यातील ईरी परगण्यात पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६०० मतदारांना मे ते नोव्हेंबरपर्यंत पुन्हा पुन्हा भेटून विचारले. प्रचाराने पक्ष बदलणारे थोडेच निघाले. बहुतेकांचे मत त्यांचा धर्म, आर्थिक स्थिती आणि राहण्याचे ठिकाण यांनी आधीच घडविले होते. आणि ज्यांचे ठरत नव्हते ते रेडिओपेक्षा ओळखीच्या जाणत्या माणसाचे ऐकत होते. आपल्याकडचा जाणता माणूस कोण? विहाराचा अध्यक्ष, मंडळाचा कार्यकर्ता, मुकादम, बचतगटाची ताई, गावाकडून फोन करणारा चुलता. उमेदवार हे पक्के जाणतो. तो हजार माणसांना पटवीत बसत नाही, हजारांना वळवू शकणाऱ्या दहांना गाठतो.

गावात हे काम धाकाने होते. शेत त्यांचे, पाणी त्यांचे, मजुरी त्यांच्या हाती. "मत इकडे पडले नाही तर बघा," एवढे म्हटले तरी पुरते. काही ठिकाणी बेल-भंडारा उचलायला लावून किंवा नारळावर हात ठेवायला लावून शपथ घेववितात. या बाबतीत कायदा काय म्हणतो ते प्रत्येकाला ठाऊक असावे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या १२३ व्या कलमानुसार बहिष्काराची किंवा जातीबाहेर टाकण्याची धमकी देणे, तसेच देवाचा कोप होईल असे मतदाराला भासविणे, हा भ्रष्ट आचार आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या मतदाराला मत देऊ न देणे किंवा विशिष्ट उमेदवारालाच मत द्यायला भाग पाडणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे आणि त्याला सहा महिने ते पाच वर्षे शिक्षा आहे. वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राचा २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे. आणि बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाला भंडाऱ्याच्या शपथेची भीती कसली?

मत गुप्त असते, हेही घरोघरी सांगावे. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि पेटीत पडते. कोणाच्या हातात येत नाही. "आम्हाला मशीनमधून कळते," असे कोणी म्हणाला तर ती थाप आहे. मात्र एक गोष्ट खरी आहे. एका माणसाचे मत कळत नसले तरी मतदान केंद्रनिहाय आकडे कळतात, आणि वस्ती कोणत्या बाजूला गेली याचा अंदाज त्यावरून बांधतात. सगळ्या केंद्रांची मते एकत्र मोजण्याची सूचना निवडणूक आयोगाने केली होती, ती अमलात आलेली नाही. म्हणून आकड्यांवरून कोणी वस्तीचे पाणी तोडले किंवा काम बंद केले, तर एकट्याने न भांडता सर्वांनी मिळून लेखी तक्रार करावी.

जातीचे गणित केवळ गावात चालते असे नाही. महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ पैकी २९ जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. उमेदवार आपला, पण त्या मतदारसंघांत बहुसंख्य मतदार इतर समाजाचे असतात. १९३२ च्या पुणे करारानंतरच्या संयुक्त मतदारसंघांची ही घडण आहे. त्यामुळे समाजासाठी तोंड उघडणाऱ्यापेक्षा गप्प बसणारा उमेदवार पक्षांना सोयीचा वाटतो. याउलट १९९८ साली प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे आणि रामदास आठवले हे चार रिपब्लिकन नेते महाराष्ट्रातून लोकसभेवर गेले, आणि चौघेही खुल्या मतदारसंघांतून! समाजाची मते एकत्र राहिली आणि इतरांशी समझोता झाला तर काय होते हे त्या वर्षी दिसले. ती एकी पुढे टिकली नाही, याचे दुःख आपल्या प्रत्येक वस्तीत आहे. एकी म्हणजे विचाराने ठरविलेली एकी. कोणी तरी पैसे घेऊन वस्तीच्या वतीने दिलेला शब्द म्हणजे एकी नव्हे.

विहाराच्या लाद्या

या संदर्भात एका भगिनीचे पत्र आमच्याकडे आले आहे. त्यांच्या वस्तीतील विहाराला एका उमेदवाराने लाद्या आणि लाऊडस्पीकर देऊ केला. समितीने घेतला आणि सभा बोलावून सांगितले, की आता सर्वांनी त्यालाच मत द्यायचे, नाहीतर समाजाची मान खाली जाईल. भगिनी विचारतात, "दादा, मी पैसे घेतले नाहीत, मला कोणी विचारले नाही, मग हा शब्द माझ्यावर बंधनकारक कसा?"

ताई, तो तुमच्यावर मुळीच बंधनकारक नाही. भारतीय न्याय संहितेच्या १७० व्या कलमानुसार मतासाठी लाच देणारा आणि घेणारा दोघेही गुन्हेगार आहेत. पाकीट एकाने घेतले तर आपण त्याला नावे ठेवतो. पण तेच विहारासाठी घेतले की ते दान वाटू लागते, हा आपला गोंधळ आहे. दान हे देणाऱ्याने अपेक्षा न ठेवता द्यायचे असते. ज्याच्या बदल्यात मते मागितली जातात त्याला व्यवहार म्हणतात. तथागतांच्या मूर्तीसमोर बसून आपण अदिन्नादानापासून दूर राहण्याचे शील घेतो. इतरांचे मत त्यांना न विचारता विकणे हे त्या शीलात बसते का, याचा विचार समितीने करावा. विहाराला लाद्या हव्या असतील तर दर घरी महिन्याला वीस रुपये वर्गणी काढावी. उशीर लागेल, पण त्या लाद्यांवर बसताना कोणाचे मिंधे व्हावे लागणार नाही.

पाकिटाचा हिशेब

आम्ही कारकुनी पेशाचे, म्हणून थोडा हिशेब मांडतो. समजा एका मताचे हजार रुपये मिळाले. पाच वर्षांचे महिने ६०. म्हणजे महिन्याला १६ रुपये ६७ पैसे आणि दिवसाला सुमारे ५५ पैसे. घरात चार मते असली तर दिवसाला २ रुपये १९ पैसे. चौघांच्या मतात एक कटिंग चहासुद्धा येत नाही!

आता दुसरी बाजू. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाच्या १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करायची असते. राज्याच्या योजनांतही अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात निधी राखून ठेवायचा असतो आणि २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे १२ टक्के आहे. हा पैसा वस्तीपर्यंत आला की दुसरीकडे वळला, हे विचारण्याचे काम लोकप्रतिनिधीचे. ज्याने मत विकत घेतले त्याला आपण हा जाब कोणत्या तोंडाने विचारणार? "पैसे मोजलेत," असे तो सरळ सांगेल.

काही जण म्हणतात, "पैसे सगळ्यांचे घ्या आणि मत हवे त्याला द्या." ऐकायला हुशारीचे वाटते. पण पैसे वाटणारा ते कुठून तरी वसूल करणारच, आणि तो वसूल करतो गटाराच्या कंत्राटातून, शाळेच्या इमारतीतून, रेशनच्या धान्यातून. शिवाय ज्याच्याकडे वाटायला पैसे नाहीत असा आपल्यातला चांगला कार्यकर्ता त्यामुळे उभाच राहू शकत नाही.

सरकारी योजनांबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. जुलै २०२४ पासून महाराष्ट्रात पात्र बहिणींच्या खात्यात महिन्याला १५०० रुपये देणे सुरू झाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये झालेल्या विधानसभा निवडणुकीत या योजनेची मोठी चर्चा झाली. आमच्या भगिनींनी ते पैसे ताठ मानेने घ्यावेत. ते सरकारी तिजोरीतले आहेत, आणि काडेपेटीपासून साबणापर्यंत प्रत्येक वस्तूवर कर भरून आपणच ती भरतो. म्हणून कोणाचेही उपकार मानून मत देण्याची गरज नाही. योजना आवडली तर तो सरकारच्या कामाचा एक भाग म्हणून जरूर धरावा. सोबत गॅस, शाळेची फी, दवाखाना आणि मुलाची नोकरी यांचाही हिशेब धरावा.

घरातला मतदार

पुरुष वाचकांना एक विनंती. "आमच्या घरातली चार मते" असे आपण सहज बोलून जातो. घराला मत नसते, माणसाला असते. बाबासाहेबांनी बाईला पुरुषाइतकेच मत मागितले ते तिने नवऱ्याचे मत दुप्पट करावे म्हणून नव्हे. पाण्याच्या रांगेत ती उभी राहते, रेशनच्या दुकानात तीच बोलणी ऐकते, मुलाला दवाखान्यात तीच नेते. नगरसेवकाने काय केले हे तिला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते. तिला सांगू नका, तिला विचारा. पहिल्यांदा मत देणाऱ्या मुला-मुलींशीही वाद घाला, पण त्यांना गप्प करू नका.

कालामांचा प्रश्न

केसपुत्त गावच्या कालाम लोकांनी तथागतांना विचारले होते, की आमच्या गावात निरनिराळे आचार्य येतात, प्रत्येक जण आपले मत चांगले आणि दुसऱ्याचे वाईट म्हणतो, तर आम्ही कोणाचे खरे मानावे? हा प्रश्न जणू आजच्या मतदाराचाच आहे. ऐकीव आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून, सांगणारा वजनदार आहे म्हणून किंवा तो आपला गुरू आहे म्हणून मानू नका, असे तथागतांनी त्यांना सांगितले. स्वतः तपासा, आणि जे लोभ, द्वेष व मोह वाढवते ते अहिताचे समजून सोडा. पाकीट लोभ वाढवते, परधर्माविरुद्ध किंवा परजातीविरुद्ध भडकविणारा निरोप द्वेष वाढवतो आणि पडद्यावरची आरती मोह वाढवते. तपासायची कसोटी आपल्या घरातच आहे.

तेव्हा निवडणूक जाहीर झाली की पुढील गोष्टी वस्तीत कराव्यात, असे आम्ही सुचवितो.

पहिली, मतदार यादीत नाव आहे की नाही हे आधी पाहावे. १९५० या क्रमांकावर चौकशी करता येते. झोपडपट्टी हलविली की नावे गळतात, हे ध्यानात ठेवावे.

दुसरी, प्रत्येक उमेदवाराने अर्जासोबत दिलेले शपथपत्र काढून विहारात वाचावे. त्यात गुन्हे, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण लिहिलेले असते. आपल्या शिकलेल्या मुलांनी हे काम करावे.

तिसरी, वस्तीच्या पाच मागण्या लिहून काढाव्यात आणि येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला सर्वांसमोर त्याच पाच विचाराव्यात. त्यांची उत्तरे वहीत तारखेसह नोंदवावीत. पाच वर्षांनी ही वही कामाला येईल.

चौथी, पैसे, दारू किंवा धमकी दिसली तर निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल अॅपवर फोटो किंवा चित्रफीत पाठवावी. ज्याला हे जमत नाही त्याने निवडणूक अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.

पाचवी, कोणीच पसंत नसेल तर घरी बसू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०१३ पासून 'नोटा'चे बटन आहे. घरी बसणाऱ्याला कोणी विचारत नाही.

ही पाने पुढच्या रविवारी वंदनेनंतर विहारात वाचावीत आणि त्यावर चर्चा करावी. आमचे म्हणणे पटले नाही तर तसे पत्राने अवश्य कळवावे, आम्ही ते याच सदरात छापू. चर्चेत बायकांना आणि तरुणांना आधी बोलू द्यावे, पदाधिकाऱ्यांनी शेवटी बोलावे.

जयभीम! जय भारत!